नरम बांधणी

गंगारामने पुस्तक डाव्या तळहातावर उभं धरलं आणि ब्लेडची कड पहिल्या टाक्याखाली सरकवली. टाका तुटला नाही. ताणला गेला आणि तारेसारखा टणकन वाजला.

"तंगूस!" तो म्हणाला. "अहो, मासे धरायचा तंगूस! हे पुस्तक आहे की पागाचं जाळं?"

समोरच्या बाकावर शिवातात्या बसले होते. मोठाले हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. बोटीच्या नाळेवर बसावं तसे ते कुठेही बसत. खेडच्या एसटी डेपोमागच्या गल्लीतलं ते दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. दाबाचं लोखंडी यंत्र, खळीचं पातेलं, कागदाच्या कातरणांचा ढीग, आणि सगळीकडे खळीचा आंबूस वास.

गंगारामने दुसरा टाका कापला, तिसरा कापला. मग पुस्तक उघडून पानं बोटाने चाळली. प्रत्येक पानाच्या आतल्या कडेला, जिथे धागा गेला होता तिथे, करवतीने चिरल्यासारखी फट पडली होती.

"आधी डिंकावरचं पुस्तक होतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "डिंक सुटला. मग कोणीतरी बाजूने आरपार भोकं पाडून शिवलं. असं शिवलं की पुस्तक उघडतच नाही. आतली अक्षरं शिवणीत जातात. मग माणूस ओढतो. ओढलं की नायलॉन कागद कापतो. सूत असतं तर सूत तुटलं असतं, पान वाचलं असतं." त्याने मान वर केली. "कोणी केलं हे?"

"सुनेनं," तात्या म्हणाले.

शब्द बाहेर पडला आणि मग त्यांना तो ऐकू आला. परत घेता येणार नाही इतका तो लांब गेला नव्हता. पण तेवढ्यात दारातला उजेड कमी झाला, आणि औषधांच्या दुकानात गेलेली नम्रता पिशवी सावरत आत आली.

"ह्याच का?" गंगाराम हसत म्हणाला. "या ताई. तुमचीच वाट बघत होतो. तंगुसाने पुस्तक शिवायचं कोणी शिकवलं तुम्हाला? दर्यात टाकलंत तर बांगडा लागेल ह्याला."

नम्रताने आधी गंगारामकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या धाग्याकडे. तुटलेल्या तुकड्याच्या टोकाशी गाठ तशीच होती. दुहेरी, चपटी, शेपूट आत खोचलेलं. जाळ्याची फाटकी वीण सांधताना तात्या मारत ती गाठ. अंजनवेलच्या अख्ख्या वाडीत ती तशी कोणाला जमत नव्हती.

तात्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"चुकलं, काका," नम्रता म्हणाली. "घाईत जे हाताला लागलं त्यानं शिवलं."

"चूक कसली. मासेमार घर ना, मग तंगूसच हाताला लागणार."

ती बाकाच्या टोकाला बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि पिशवीची मूठ पिळत राहिली. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

शिवातात्या तांडेल होते. आयुष्यभर बोट चालवली, आणि बोट नसेल तेव्हा देवळात पेटी वाजवून भजन म्हटलं. वाडीतल्या गणपतीच्या देवळात भजनाला बुवा म्हणजे तेच. पुस्तक त्यांच्यापुढे कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या बापाने म्हटलेलं ऐकून त्यांनी पाठ केलं होतं आणि ते पाठ होतं याचा त्यांना ताठा होता. अक्षर येत नव्हतं हे कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. येत नाही आणि लागत नाही, या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात.

दोन गणपतींमागे दीपकने भजनाला मोबाईल काढला होता. दीपक वाडीतलाच, पलीकडे वीज कंपनीत कंत्राटावर जाणारा, गळा गोड. मोबाईलवर बघून त्याने एक अभंग सुरू केला आणि तात्यांनी पेटीवरचा हात काढून घेतला.

"खडक बघायला ज्याला नकाशा लागतो तो तांडेल नव्हे रे," ते सगळ्यांदेखत म्हणाले होते. "तो बोटीतला पाव्हणा."

देऊळ खो खो हसलं. दीपकही हसला. पण त्यानंतर तो कधी गायला नाही. पखवाज घेऊन बसू लागला.

आणि मग पुढच्या शिमग्याच्या आधी तात्यांना एका अभंगाचा तिसरा चरण आठवेना. टाळ वाजत होते, तोंड उघडं होतं आणि आत काही नव्हतं. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. कोणाला कळलं नाही. बायकांच्या बाजूला बसलेल्या नम्रताला कळलं, कारण घरी तात्यांना तसा खोकला कधी येत नसे.

तिने विचारलं नाही. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या, मुंबईला गोदीत असलेला नवरा येऊन गेला, आणि एका दुपारी ती पडवीच्या पायरीवर खडू घेऊन बसली. "तात्या, हा 'र' बघा."

'र' त्यांना गळासारखा दिसला, म्हणून तो लगेच लागला. बाकीची अक्षरं लागायला पावसाळा गेला. जांभ्या दगडाला भोकं फार; खडूची रेघ जागोजाग तुटे, आणि तात्या तुटलेली रेघ बोटाने जोडत वाचत. पाणंदीत कोणाचं पाऊल वाजलं की ते पायरीवर पाय ठेवून अक्षर झाकत. नम्रता पाणी टाकून पायरी धुऊन काढी. दोघांनी याबद्दल कधी काही ठरवलं नव्हतं.

मुलाने मुंबईहून अभंगांचं पुस्तक पाठवलं, तेही तिच्याच सांगण्यावरून. पुस्तक चांगलं होतं, अक्षर मोठं होतं. पण पेटी वाजवणाऱ्याचा एक हात भात्यावर असतो आणि एक पट्ट्यांवर. पुस्तक धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. उघडं ठेवलं की ते मिटे. त्यावर टाळ ठेवला, वजनाने कणा मोडला, पानं सुटली. तेव्हा तात्यांनी ते माळ्यावर नेऊन, जाळ्याच्या सुईने, कोणाला न विचारता शिवून टाकलं होतं.

"तर कसं करू?" गंगारामने विचारलं. "परत डिंक लावून देऊ? आजच घेऊन जा. पण पुढच्या वर्षी परत याल."

"नको," नम्रता म्हणाली.

"पुठ्ठा घालतो मग. कडक. वर सोनेरी अक्षरं. लायब्ररीत असतात तसं. तुमच्या नातवाच्या हातात जाईल."

त्याने फळीवरून एक जाड पुस्तक काढून टेबलावर मधोमध उघडलं. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू जराशा वर आल्या, पानं कमानीसारखी उभी राहिली आणि त्यातली काही सुळकन पलटली.

"हे पेटीवर राहील?" तात्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"पेटीवर?" गंगारामने नम्रताकडे पाहिलं. "ताई पेटी वाजवतात होय?"

नम्रताने पिशवीची मूठ पुन्हा पिळली. तात्या पुन्हा कॅलेंडरकडे बघू लागले.

"पेटीवर ठेवायचं असेल तर हे नव्हे." गंगारामने पुस्तक मिटलं. खाली वाकून खणातून त्याने दुसरं काढलं. ते पुस्तक वाटतच नव्हतं. काळसर कापडाची घडी असावी तसं दिसत होतं. "हे रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांचं. नियमांचं पुस्तक. खिशात वळकटी करून नेतात. कोपरा फाटलाय म्हणून आणलं, नाहीतर शिलाई जागची हललेली नाही. बघा."

त्याने ते गुंडाळलं, सोडलं. सुटून ते पुन्हा सरळ झालं. मग मधोमध उघडून टेबलावर टाकलं आणि हात काढून घेतला. पुस्तक पडून राहिलं. दोन्ही पानं टेबलाला लागलेली, भाकरी तव्यावर पडते तशी. एकही पान उडालं नाही.

तात्या बाकावरून उठले. त्यांनी एक बोट पानावर ठेवून पाहिलं, मग काढून पाहिलं.

"ह्याला नरम बांधणी म्हणायचं," गंगाराम म्हणाला. "आत पुठ्ठा नाही. जुजं करायची, म्हणजे पानांचे छोटे छोटे गठ्ठे, आणि एकेक जुज घडीतून शिवायचं. मेण लावलेल्या सुताने. वर लवचीक कापड. तुमची पानं सुटी आहेत आणि कापलेलीही आहेत, तेव्हा आधी दोन-दोन पानांना मधून पातळ कागदाची पट्टी लावून जोडपान करावं लागेल. किचकट आहे. वेळ लागेल. हल्ली कोण करून मागत नाही. लोकांना एक तर स्वस्त हवं, नाहीतर दिसायला हवं."

"हेच करा," तात्या म्हणाले.

"वरून चामडंही लावतात याला. पण भजनाचं आहे..."

"चामडं नको. देवळात जायचंय."

"मग कापड. लाल आहे, हिरवं आहे."

तात्यांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तपकिरी आहे काय? जुन्या सागवानासारखा?"

"पेटीच्या रंगाचं?"

"तसंच कायतरी."

गंगारामने चष्म्यावरून पाहिलं. "टिकायला हवंय की दिसायला नकोय?"

रस्त्यावरून एक एसटी गेली. ती गेल्यावर गंगारामने उत्तर मागितलं नाही, तपकिरी कापड काढून ठेवलं. बायंडर गुहागरात होता, चिपळुणातही होता. पण चिपळूणला वाडीतलं कोणी ना कोणी रोज असतं. म्हणून धोपाव्याला फेरीत बसून, दाभोळला उतरून, एवढी वाट करून दोघं इथे आली होती. माहेरी जाऊन येते, असं नम्रता वाडीत सांगून निघाली होती. तिचं माहेर खेडचं, त्यामुळे तेवढं तरी खोटं नव्हतं.

परतताना फेरीत ती कठड्याला टेकून उभी राहिली. तात्या तिच्या मागे जरा लांब उभे होते. खाडीचं पाणी ओहोटीचं, गढूळ होतं.

"नम्रता," ते म्हणाले.

"काय?"

"गोळ्या घेतल्यास काय बापाच्या?"

"घेतल्या. देऊनपण आले."

"हां," तात्या म्हणाले.

पुस्तक आणायला ते एकटेच गेले. गंगारामने ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. उघडून त्याने ते टेबलावर टाकलं आणि मागे सरला. लेकराला पहिल्यांदा उभं करून हात सोडावा तसा.

पुस्तक उताणं पडलं. तात्यांनी मधलं पान काढलं, शेवटचं काढलं, अगदी पहिलं काढलं. जिथे उघडावं तिथे ते शांत पडून राही. कापलेल्या पानांच्या फटीवर पांढऱ्या कागदाच्या अरुंद पट्ट्या होत्या, जुनी जखम भरून आल्यासारख्या. घडीत सुताचे टाके दिसत होते, एकसारखे. तात्यांनी एका टाक्यावर नख फिरवलं. जाळं विणणाऱ्याला दुसऱ्याचा टाका कळतो.

"झकास," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं, आणि किती दिवसांनी काहीतरी खरं बोलल्यासारखं वाटलं.

"आणि हे आमच्याकडून." गंगारामने पुस्तक पालथं केलं.

तपकिरी कापडावर, खालच्या कोपऱ्यात, बारीक सोनेरी अक्षरं होती. तात्यांनी चष्मा लावला. गंगाराम समोर होता, तरी लावला. इथे त्यांना कोण ओळखत होतं. पहिलं अक्षर लागलं. दुसरं जोडाक्षर होतं, त्याच्यापाशी ते थांबले. मग तिसरं लागलं आणि त्यावरून दुसरंही कळलं.

नम्रता.

"ताईंनी स्वतः शिवलं होतं ना," गंगाराम म्हणाला. "चुकीचं का होईना, पण पुस्तक फाटलं म्हणून कोणी टाकून दिलं नाही, शिवायला बसलं. असं गिऱ्हाईक कुठे मिळतं? म्हटलं, नाव घालू."

"हे... काढता येईल?"

"का? आवडलं नाही?"

"नाय, तसं नाय."

"काढायला गेलो तर कापडावर डाग राहील. नावापेक्षा डाग जास्त दिसेल."

तात्यांनी पुस्तक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं.

घरी ते त्यांनी पेटीच्या खोक्यात ठेवलं, पेटीखाली. नम्रताला सांगितलं नाही. पण खोक्यावरची धूळ तीच पुसत असे. दुसऱ्या दिवशी ते अंगणातून आले तेव्हा ती खोक्यापाशी बसली होती आणि पुस्तक तिच्या मांडीवर उघडं पडलेलं होतं. ती वाचत नव्हती. पुस्तक मिटून तिने पालथं केलं आणि कोपऱ्यातल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"मी नाय सांगितलं घालायला," तात्या दारातून म्हणाले.

"माहीत आहे." तिने पुस्तक जागेवर ठेवलं. "माझं नाव असं कुठे कधी आलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेत आलं होतं तेवढंच." मग उठता उठता म्हणाली, "चांगलं बांधलंय. मिटत नाही."

माघातल्या गणपतीचा जन्म दुपारचा. सकाळपासून देवळात भजन असतं. तात्या गाभाऱ्याजवळच्या खांबाला पाठ लावून बसले. तिथे मागे कोणी बसत नाही. समोर पेटी, पेटीच्या पलीकडच्या अंगाला भाता, आणि भात्याच्या अलीकडे, पेटीच्या माथ्यावर, ते पुस्तक. त्याच्या पलीकडच्या कडेवर उपरण्याचं टोक, सहज पडल्यासारखं. सागवानी रंगावर सागवानी रंग. भाता उघडला की समोरून काही दिसत नव्हतं. टाळकरी दोन बाजूंना, दीपक पखवाज घेऊन समोर, बायका खांबांच्या पलीकडे.

चष्मा त्यांनी आणला होता, पण खिशातच ठेवला. अक्षर मोठं होतं. नजर खाली गेली की चरणाचा पहिला शब्द दिसे. पहिला शब्द दिसला की पुढचं सगळं आपोआप येई, गळाला मासा लागून वर यावा तसं. एक अभंग झाला, दुसरा झाला. कुठे अडलं नाही.

"काय पाठांतर आहे हो तात्या," देवळाचे जुने मानकरी गुणाजीभाऊ म्हणाले. "ह्या वयात! आमची पोरं बघा. आरती म्हणायला पण मोबाईल लागतो."

"नकाशा लागतो," कोणीतरी म्हणालं, आणि ते जुनं हसू देवळात पुन्हा फिरलं.

दीपक पखवाजाची दोरी आवळत होता. तो हसला नाही. तात्यांनी पेटीचा एक सूर धरून ठेवला. गरजेपेक्षा जास्त वेळ.

मग गुणाजीभाऊंनी पाळणा मधे आणायला सांगितलं. पेटी जराशी कडेला घ्यावी लागणार होती. तात्यांनी उठायच्या आत दीपक पुढे आला आणि त्याने पेटी दोन्ही हातांनी उचलली. उपरणं घसरलं. त्याच्याबरोबर पुस्तकही घसरलं. पडल्याचा आवाज झाला नाही. पुठ्ठा असता तर झाला असता.

"अरे, मी समजलो फडकाच आहे," दीपक म्हणाला. पेटी ठेवून त्याने ते उचललं, वाकवून पाहिलं, पालथं केलं. "नम्रता... वहिनींचं आहे की. हे इथे कसं?"

सगळ्यांनी आधी पुस्तकाकडे पाहिलं आणि मग बायकांच्या बाजूला.

तात्या खांबाजवळ उभे होते. त्यांना बोलायला पुरेसा वेळ होता. नंतर त्यांना हेच आठवत राहिलं असतं, की वेळ पुरेसा होता.

"माझंच," नम्रता उठून म्हणाली. "सकाळी पेटी पुसताना राहिलं वाटतं तिथे."

"वा! तांडेलाची सून आणि पुस्तक बघून भजन?" गुणाजीभाऊ म्हणाले. "सासऱ्याच्या तोंडून ऐकून ऐकूनसुद्धा पाठ झालं नाही तुझं?"

देऊळ हसलं. बायकाही हसल्या.

"नाही होत, भाऊ," ती म्हणाली. "माझं डोकं कमी."

दीपकने पुस्तक तिला दिलं. तिने ते पदराआड घेतलं आणि मान खाली घालून जागेवर जाऊन बसली.

पाळणा हलला, जन्म झाला, गुलाल उडाला, सुंठवडा वाटला. मग शेवटचा अभंग. तो नेहमीचाच, तात्यांच्या बापाचा आवडता, माघी गणपतीला शेवटी म्हणायचा. त्याच्यावाचून लोक उठत नाहीत. तात्या पेटीवर बसले. पेटीचा माथा रिकामा होता. त्यांनी सूर दिला, दीपकने ठेका धरला.

पहिला चरण आला. टाळकऱ्यांनी तो उचलला, घोळवला, परत दिला.

दुसरा आला.

तिसऱ्याला तात्यांनी तोंड उघडलं आणि तिथे काही नव्हतं. पाणी आटून चिखल उरावा तसं. त्यांनी पुन्हा दुसराच म्हटला. टाळकऱ्यांनी तोही उचलला. भजनात चरण पुन्हा म्हणतात, कोणाला काही वाटलं नाही. परत सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. घशात खोकला आला. तयार, नेहमीसारखा, जागेवर.

खांबांच्या पलीकडून नम्रता बघत होती. तिचे ओठ हलत होते. ती तिसरा चरण लांबून आवाजाविना त्यांना सांगत होती. पण तात्यांना ओठ वाचता येत नव्हते. त्यांना आता अक्षर वाचता येत होतं.

त्यांनी खोकला गिळला. भात्यावरचा हात थांबला आणि पेटीचा सूर बसत बसत विझला. टाळ दोन-चार वेळा पुढे वाजून थांबले. दीपकचा ठेका तेवढा हळू चालू राहिला.

तात्यांनी खिशातून चष्मा काढला. उपरण्याने पुसला. काड्या कानांवर बसवायला त्यांना वेळ लागला, कारण लोकांदेखत ते त्यांनी कधी केलं नव्हतं.

"नम्रता," ते म्हणाले. "माझं पुस्तक दे गो."

ती उठली नाही. तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी आवाज जरा फाटला.

"माझं हाय ते. शिवलं पण मीच होतं. तंगुसानं."

गुणाजीभाऊंनी मान वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं. नम्रता बायकांमधून वाट काढत आली. तिने पुस्तक पेटीवर ठेवलं. ठेवताना नावाची बाजू खाली गेली. तिसरा चरण ज्या पानावर होता ते पान तिने आधीच काढलेलं होतं. दोन्ही बाजू लाकडाला टेकल्या आणि पुस्तक उताणं पडून राहिलं, न मिटता.

दीपक पखवाजावरून बघत होता.

"नकाशा काय, तात्या?" तो म्हणाला. हळूच, पण समोरच्या दोन रांगांना ऐकू जाईल इतकं.

कोणीतरी हसलं. तात्यांचे कान तापले, मानेपर्यंत तापले.

"हो रे," ते म्हणाले. "नकाशाच."

त्यांनी उजवा हात पट्ट्यांवरून काढला आणि बोट ओळीखाली ठेवलं. पहिलं अक्षर लागलं. दुसरं जोडाक्षर होतं. तिथे बोट थांबलं, आणि दीपकचा हात पखवाजावर, पुढच्या अक्षराची वाट बघत, थांबलेल्या बोटाइतकाच हळू झाला.